मदत हवी आहे: ड्रेस्डेनचा हरवलेला ऑर्गन आता कुठे ऐकावा?

पुढच्या महिन्यात कामानिमित्त जर्मनीत ड्रेस्डेनला जातोय, मोकळा दिवस एकच. तिथल्या फ्राउएनकिर्शे चर्चमध्ये गॉटफ्रीड सिल्बरमानने बांधलेला पाइप ऑर्गन होता. 1 डिसेंबर 1736 ला खुद्द संगीतकार बाखने तो वाजवला. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात चर्च कोसळलं, ऑर्गनही गेला. 2005 मध्ये चर्च पुन्हा उभं राहिलं, तेव्हा बराच वाद होऊन हुबेहूब प्रतिकृतीऐवजी स्ट्रासबुर्गच्या डानिएल केर्न यांचा मोठा ऑर्गन बसवला गेला. दर्शनी भाग जुन्यासारखा, पण आत जादा चौथा कीबोर्ड, तोही 19व्या शतकातल्या फ्रेंच धाटणीचा. (मला पटलेलं नाही, पण तो वाद इथे नको.)

दोन्ही ऑर्गनच्या स्टॉपच्या (म्हणजे वेगवेगळ्या आवाजाच्या नळ्यांच्या संचांच्या) याद्या ताडून पाहिल्या, नव्याची रेकॉर्डिंग्जही ऐकली. हेडफोनवर फारसा उलगडा होत नाही. मला वाजवता येत नाही, जर्मन जेमतेम.

पर्याय दोन दिसतात: सॅक्सनीतल्याच फ्रायबेर्गच्या कॅथेड्रलमधला सिल्बरमानचा 1714 चा ऑर्गन, किंवा ड्रेस्डेनच्याच होफकिर्शे चर्चमधला त्याचा शेवटचा, ज्याच्या नळ्या 1944 मध्येच काढून ठेवल्यामुळे वाचल्या. दोन्ही प्रत्यक्ष ऐकलेलं कुणी आहे का? 1736 च्या आवाजाच्या जास्त जवळचा कोणता?