उन्हात बाईक: जॅकेट घालू की काढू?

प्रेषक: चँडलरकर

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये सेकंडहँड बाईक घेतली. एप्रिलभर मजा केली. काल दुपारी अडीचला इथे अ‍ॅरिझोनात टेंपेहून घरी निघालो तेव्हा पारा १११ फॅरनहाइटवर होता, म्हणजे आपले ४४. जॅकेट डिकीत, अंगात अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, हेल्मेटची काच वर. म्हटलं, वेग घेतला की वारा लागेल. लागला, पण भट्टीचं दार उघडल्यासारखा. सिग्नलला थांबलो की वरून ऊन, खालून इंजिन. तिसऱ्या सिग्नलला डोकं हलकं वाटायला लागलं, तेव्हा एका पंपाच्या दुकानात शिरलो आणि कोल्ड्रिंकच्या फ्रीजचं दार उघडं धरून पाच मिनिटं उभा राहिलो. गल्ल्यावरचा पोरगा काही बोलला नाही, बिचाऱ्याला सवय असावी.

हेल्मेटसुद्धा काढून ठेवावं असा मोह झाला होता. अ‍ॅरिझोनात १८ च्या पुढे सक्ती नाही, हे आणखी वाईट.

पुण्यात दहा वर्षं गाडी चालवली, जॅकेट कधी घातलं नाही. इथे लोक काय करतात? जाळीचं जॅकेट घेऊ का?

---

प्रेषक: गिल्बर्टहून

जाळीचंच घे. मी तीन उन्हाळे तेच वापरतोय. (विषय सोडून: शनिवारच्या पॉटलकला कोशिंबीर कोण आणतंय?)

---

प्रेषक: नागपूरकर काका

काऊन रे बापा, नागपुरात मे महिन्यात कोणाला उघड्या हातांनी गाडीवर पाहिलंस का? पोरींचं तोंड दुपट्ट्यात, पोरांच्या डोक्याला पांढरा रुमाल, डोळे तेवढे बाहेर. ती काही हौस नाही. अंगाची कातडी साधारण ३५ अंशांची. हवा त्याहून गार असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. ४४ ची हवा उलट अंगात उष्णता ओतते, आणि वेग वाढवशील तशी जास्तच ओतते. म्हणून पहिलं काम झाकायचं, आणि तेही सलग कापडानं. जाळीनं फक्त लू गाळून घेता येते.

दुसरं काम ओलं राहायचं. तुला घाम दिसला नसेल, पण येत होता. जूनच्या दुपारी इथली आर्द्रता १० टक्क्यांच्याही खाली जाते, घाम कपड्याला लागायच्या आत उडतो. गाडीवर तर शरीराला तेवढा पुरवठाच जमत नाही. तो नळाच्या पाण्यानं करायचा. सुती टी-शर्ट चिंब भिजव, पिळू नको, नुसता निथळू दे. वरून जॅकेट, चेन गळ्यापर्यंत. मनगटाशी दोन बोटं फट आणि पाठीवरची झडप उघडी. हवा बाहीतून शिरते, ओल्या कापडावरून फिरते, पाठीतून निघते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर अंगात घातला म्हण. जाळीच्या आत तोच टी-शर्ट वीस मिनिटांत पापडासारखा वाळतो.

बर्फाच्या पिशव्यांच्या नादी लागू नको. एक लिटर पाणी वाळताना जेवढी उष्णता ओढतं, तेवढी ओढायला सातेक किलो बर्फ वितळवावा लागेल. कुठे बांधशील?

काच खाली ठेव. गळ्याला ओला पंचा गुंडाळ, पण टोकं जॅकेटात नीट खोच. मोकळं टोक चाकात गेलं की काय होतं ते आपल्याकडे ओढण्यांनी दाखवलंय. गाडी उन्हात लावताना साइड स्टँडखाली चपटा केलेला डबा सरकव, डांबर मऊ होतं.

आमची आई खिशात कांदा ठेवायला लावायची. ठेव. भूक लागली तर कामी येईल.

---

प्रेषक: माजी मेसाकर, सध्या ह्यूस्टन

यादीतून नाव काढलं नाही म्हणून वाचतोय. काका, हेच ह्यूस्टनला येऊन करून दाखवा! इथे ओला टी-शर्ट संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो, वर बंद जॅकेट म्हणजे इडलीपात्र. पण हवा बहुतेक वेळा ३३-३४ च्या आसपास, म्हणजे काकांच्याच हिशेबानं कातडीपेक्षा गार. तेव्हा इथे जाळीच बरी. दादरला माठातलं पाणी नागपूरइतकं गार का होत नाही, तेच कारण.

---

प्रेषक: मेसाची वहिनी

मी इमर्जन्सीत नर्स आहे म्हणून दोन शब्द.

भाऊजी, चक्कर आली त्या सिग्नललाच थांबायला हवं होतं, पुढच्या दुकानाची वाट बघायची नाही. डोकं दुखणं, मळमळ, उन्हात अंगावर काटा येणं, यातलं काहीही झालं की सावली आणि एसी. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर ९११ लावा, आणि ते येईपर्यंत त्याच्यावर पाणी ओतत राहा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका.

नुसतं पाणी ढोसू नका. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा. बीपीवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. बाटली पाठीवरच्या पिशवीत आणि नळी तोंडाशी असेल तर पिणं होतं, डिकीतली बाटली डिकीतच राहते.

आणि दुपारचं डांबर ७० अंशांपर्यंत तापतं. गाडी घसरून नुसतं आडवं पडलेलं माणूसही भाजून आमच्याकडे येतं. त्यामुळे जॅकेटची चर्चा माझ्यापुरती संपली.

---

प्रेषक: चँडलरकर

काका, वहिनी, आभार. रविवारी बीलाइन हायवेनं पेसनला जाऊन आलो. जाताना पहाटे पाचला निघालो, त्यामुळे परीक्षा झालीच नाही. पेसन पाच हजार फुटांवर, तिथे सकाळी चक्क थंडी वाजली. खरी गंमत परतताना. पंपाच्या बाथरूममध्ये टी-शर्ट भिजवून घातला तेव्हा अंगावर शहारा आला (वहिनी, हा तो काटा नव्हे). फाउंटन हिल्सपर्यंत तासभर पाठ गार होती. मांड्या मात्र भाजल्या, जीन्स भिजवायची लाज वाटली म्हणून. पुढच्या वेळी लाज सोडणार.

काका, तुमचा पंचा धुऊन ठेवलाय. परत आणून देऊ का?

---

प्रेषक: नागपूरकर काका

राहू दे. जुलैत मान्सूनची दमट हवा आली की त्याची करामत निम्मी होते, मग आणून दे. आणि गिल्बर्टवाल्यांनो, कोशिंबीर मी आणतो, कांदा आहेच.