आखाजीच्या वर्गणीआधी हिशेब, की हिशेबाआधी वर्गणी?

गिरणाकाठ (चाळीसगाव परिसर)

समाजाच्या ट्रस्टने घरोघरी पाठवलेले पत्रक बहुतेकांच्या हाती पडले असेल. वसतिगृहाची खाणावळ जूनपासून चालू ठेवायची असेल तर प्रत्येक घराने आखाजीपूर्वी (अक्षय्य तृतीयेपूर्वी) १,१०० रुपये द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी एवढीच की ट्रस्टची कायम ठेव एका पतसंस्थेत होती, ती पतसंस्था अडचणीत आली, व्याज थांबले आणि त्यानंतर वार्षिक सभेत जमाखर्च वाचून दाखवण्याची पद्धतही हळूहळू बंद पडली. पत्रकात संस्थापकांचे स्मरण आहे, एकजुटीचे आवाहन आहे; ठेवीचे पुढे काय झाले याबद्दल मात्र एक ओळही नाही.

यंदाचे वर्ष कसे गेले हे खान्देशात कोणाला सांगायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ झाले, ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, आणि लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर असूनही ज्याच्या घरात माल साठवायला जागा नव्हती किंवा ज्याच्या कापसात सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांहून अधिक ओलावा निघाला, त्याने खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, मिळेल त्या भावाने माल मोकळा केला. बीटी कापसाच्या बियाण्याचे पाकीट नऊशे रुपयांच्या आसपास पडते. म्हणजे ट्रस्ट मागत असलेली वर्गणी एका पाकिटाहून जास्त आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. आधी मागील तीन वर्षांचा तपासलेला जमाखर्च समोर ठेवावा, वर्गणीचे त्यानंतर बघू. आखाजीला आपल्याकडे सालदाराचाही (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचाही) वर्षाचा हिशेब होतो. उचल किती घेतली, खाडे किती पडले हे दोघांसमोर मांडल्याशिवाय मालक त्याला नव्या सालाला ठेवत नाही आणि सालदारही राहत नाही. ट्रस्टला यातून सूट का मिळावी?

तापीकाठची लेक (यावल)

भाऊ, हिशेब मागण्याला माझा विरोध नाही. तो वर्गणीच्या वाटेत आडवा घालण्याला आहे. ज्या वर्षी देणाऱ्यांचा हात आखडतो, त्याच वर्षी वसतिगृहात अर्ज वाढतात, कारण एरवी मुलाला जळगावात किंवा धुळ्यात भाड्याची खोली करून देणारा बापही त्या वर्षी ट्रस्टच्या दारात उभा राहतो. तुमची अट मान्य केली आणि जमाखर्च तपासून यायला दिवाळी उजाडली, तर जूनमध्ये प्रवेश घेतलेल्या मुलांनी तोवर कुठे जेवायचे? विश्वस्तांच्या चुकीची किंमत तुम्ही विश्वस्तांकडून वसूल करत नाही आहात, अकरावीतल्या पोरांकडून करत आहात.

शिवाय सगळी मदत पैशातच का मागावी, हेही मला कळत नाही. पूर्वी या खाणावळीला गावोगावहून गहू आणि दादर (रब्बी ज्वारी) पोत्याने येत असे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारा भागात मुष्टिफंडावर, म्हणजे घरोघरच्या मूठभर धान्यावर, वसतिगृहे चालवली, तेव्हा देणाऱ्या घरांची परिस्थिती आजच्यापेक्षा बरी नव्हती. धान्याचे पोते कोठीत उतरताना गावाला दिसते आणि ते कोणत्याही पतसंस्थेत अडकत नाही.

निवृत्त लेखापरीक्षक (धुळे)

भावना बाजूला ठेवून कायद्याची बाजू मांडतो, कारण पत्रकावर रागावलेल्यांपैकी बहुतेकांना आपल्या हातात काय आहे याची कल्पना दिसत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार ट्रस्टचे हिशेब दरवर्षी ३१ मार्चला बंद करून ते लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावे लागतात आणि त्याच्या अहवालाची प्रत धर्मादाय कार्यालयात जाते. याच कायद्याच्या कलम ३५ मध्ये ट्रस्टने शिल्लक पैसा कुठे ठेवावा हे सांगितले आहे: अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनाने त्यासाठी मान्य केलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्यात पैसा ठेवायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी दाखवावी लागेल. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत जे विमा संरक्षण असते, तेही पतसंस्थेतील ठेवीला नसते. लेखापरीक्षकाच्या अहवालात तर 'कलम ३५ विरुद्ध गुंतवणूक आहे काय' हा मुद्दाच असतो. त्या मुद्द्यापुढे प्रत्येक वर्षी काय लिहिले गेले, एवढे एक उत्तर पाहिले तरी ठेवीचा अर्धा इतिहास उलगडेल. जमाखर्च देण्यात वारंवार कसूर झाली तर कलम ४१-ड खाली विश्वस्तांना निलंबित करण्याची, पदावरून दूर करण्याचीही तरतूद आहे.

तेव्हा गिरणाकाठ यांनी वर्गणी रोखून धरण्याऐवजी धर्मादाय कार्यालयात दाखल झालेल्या कागदांच्या नकलांसाठी अर्ज करावा. तेथे कागदच दाखल झालेले नसतील, तर तेही एक उत्तरच आहे.

केळीबाग (रावेर)

साहेब, कलमे वाचून कोणाचे पैसे परत आले? या जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकलेले म्हातारे अजून पावत्या जपून बसले आहेत. माझे मत कटू वाटेल, पण ट्रस्ट बंद पडला तर पडू द्यावा. आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये यूपीआय आहे. मला गावातला गरजू मुलगा माहीत आहे, त्याची फी मी थेट कॉलेजात भरतो, पावती माझ्या हातात येते. मध्ये अध्यक्ष नको, सचिव नको, हारतुरे नकोत. भाव पडलेल्या वर्षी दिलेला रुपया तरी पूर्ण पोहोचावा.

तापीकाठची लेक

केळीबाग दादा, तुम्हाला माहीत असलेल्या मुलाला तुम्ही मदत करता, ही चांगलीच गोष्ट आहे. तुम्हाला माहीत नसलेल्या मुलाचे काय? ज्याच्या बापाची कोणा बागायतदाराशी ओळख नाही, जो सातपुड्याच्या पायथ्याच्या वाडीतून पहिल्यांदा तालुक्याला येतो, त्याला कोणाचा यूपीआय नंबर ठाऊक असणार? ओळखीवर चालणाऱ्या मदतीत आधी भाऊबंद येतात, मग गाववाले, आणि तिथेच पैसे संपतात. अनोळखी माणसाला अर्ज करता यावा म्हणून तर ट्रस्ट लागतो.

बोरीकाठ (विश्वस्त मंडळातील एक)

इतके दिवस वाचत होतो, आता लिहिणे भाग आहे. ठेव ठेवली गेली तेव्हा मी मंडळात नव्हतो, तरी आज उत्तर मलाच द्यावे लागते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसरी आहे. मागच्या दोन्ही वार्षिक सभांना गणपूर्ती झाली नाही. अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा घेतली, तेव्हा समोर विश्वस्त, वसतिगृहाचे अधीक्षक आणि सतरंज्या गोळा करायला थांबलेला शिपाई, एवढेच लोक होते. जमाखर्च कोणासमोर वाचायचा? इथे हिशेब मागणाऱ्यांपैकी एकही जण त्या सभेला नव्हता.

दुसरे, मंडळातल्या वादामुळे विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचे आमचे बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित आहेत. परिशिष्टावर (तिथल्या ट्रस्टच्या नोंदीवर) अजून जुन्याच विश्वस्तांची नावे आहेत आणि त्यांतले काही आज हयात नाहीत. बँक नवी सही मान्य करत नाही. पतसंस्थेच्या अवसायकाकडे (ती गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) दावा दाखल केलेला आहे, पण तिथून काही येईल या भरवशावर मी खाणावळीचा किराणा भरू शकत नाही. अमळनेरला गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठजींसारखा दाता होता, तेव्हा एका घराण्याच्या आधारावर १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहू शकले. आज गिरणीही नाही आणि तसा शेठही नाही. घरटी अकराशे मागण्यावाचून आमच्यापुढे दुसरा मार्ग कोणता?

गिरणाकाठ

नाना, तुम्ही पुढे येऊन लिहिलेत हे बरे केले. आता तुमच्या दोन मुद्द्यांना उत्तर देतो.

सभेला लोक येत नाहीत हे खरे आहे. पण सभेची नोटीस कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, कामाच्या वारी, सकाळी अकराची निघते. जमाखर्च सभेतच वाचला पाहिजे असेही नाही. वसतिगृहाच्या दारावरच्या फळ्यावर लावा, प्रत्येक गावच्या समाजमंदिरात एक प्रत पाठवा. आणि जी माहिती तुम्ही आत्ता दिलीत, म्हणजे अवसायकाकडचा दावा, अडकलेल्या सह्या, मयत विश्वस्तांची नावे, ती पत्रकात का नव्हती? ती वाचून लोक वर्गणी देणार नाहीत अशी भीती होती. मला वाटते नेमके उलटे झाले असते. ठेव बुडाली याचा राग लोकांना आहेच, पण तीबद्दल कोणी बोलत नाही याचा राग त्याहून मोठा आहे.

बँक नवी सही मान्य करत नाही, तर मग वर्गणी जमा कुठे होणार? पत्रकात एका व्यक्तीचा मोबाइल क्रमांक पैसे पाठवण्यासाठी दिला आहे. माझा खरा आक्षेप इथे आहे आणि तापीकाठच्या ताईंनीही याचा विचार करावा. ट्रस्टचा पैसा खाजगी खात्यावर गोळा होणार असेल, तर हेतू कितीही चांगला असो, मी एक रुपयाही देणार नाही.

निवृत्त लेखापरीक्षक

या आक्षेपाशी मी पूर्ण सहमत आहे. खाजगी खात्यावर वर्गणी घेऊ नये, घेतली असेल तर ती तारीखवार यादीसह ताबडतोब ट्रस्टच्या खात्यात भरावी. पैसे भरण्यासाठी विश्वस्तांची सही लागत नाही, ती काढताना लागते, त्यामुळे जुने खाते चालू असेल तर वर्गणी सरळ त्यातच घ्यावी. पत्रकात देणगीवरच्या ८०-जी आयकर सवलतीचा ठळक उल्लेख आहे, त्याबद्दलही एक खुलासा करतो. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही, नव्या करप्रणालीत तर मिळतच नाही, आणि शेती हेच ज्याचे उत्पन्न आहे त्याला तिचा उपयोगच नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला करसवलतीचे आमिष दाखवणारे पत्रक त्याच्यासाठी लिहिलेले नसते.

तापीकाठची लेक

खाजगी खात्याचा मुद्दा मला मान्य आहे. म्हणूनच म्हणते, खात्याचा घोळ सुटेपर्यंत धान्य, तेल आणि गॅसच्या टाक्या घ्या. किराणा दुकानदाराचे बिल गावाने परस्पर चुकते करावे आणि बिल फळ्यावर लावावे.

एका गोष्टीला मात्र आधीच हरकत नोंदवते. पारदर्शकतेच्या नावाखाली लाभार्थी मुलांची यादी फळ्यावर लावायची टूम निघेल, कारण काही देणगीदारांना तेच हवे असते. धनादेश हातात धरून मुलाला मध्ये उभे करायचे, फोटो काढायचा आणि तो समाजाच्या ग्रुपवर टाकायचा. त्या मुलाच्या वर्गातल्या मुलीही त्याच ग्रुपवरचे फोटो आपल्या वडिलांच्या मोबाइलवर पाहतात. किती मुले, कोणत्या तालुक्यांची, किती खर्च, इतके जाहीर करा. नावे लेखापरीक्षकाला दाखवा.

केळीबाग

नावे नाहीत, तर खोटी नावे घुसवायला कितीसा वेळ लागतो? मी यादी पाहिल्याशिवाय देणार नाही.

बोरीकाठ

नावांचा वाद इथे मिटणार नाही. तो सभेत घेऊ. पत्रकातला मोबाइल क्रमांक आजच रद्द करायला सांगतो. मागील तीन वर्षांपैकी दोन वर्षांचे तपासलेले हिशेब माझ्याकडे आहेत, ते या आठवड्यात फळ्यावर लागतील. तिसऱ्या वर्षाचे काम लेखापरीक्षकांकडे अपुरे आहे, कारण पतसंस्थेकडून शिलकीचा दाखला मिळालेला नाही. सभा या वेळी रविवारी संध्याकाळी ठेवू. धान्य मात्र आजपासून घेतो. कोठीची किल्ली अधीक्षकांकडे आहे. पोते आणणाऱ्याने वजन करून घ्यावे आणि पावती घेतल्याशिवाय परत जाऊ नये.

गिरणाकाठ

दोन वर्षांचे लागले की माझे दादरचे पोते येईल. अकराशे रुपये तिसरे वर्ष लागल्यावर.