चपलेच्या तळव्यात तिन्ही विषय आहेत

पॉलिमर (साखळीसारख्या लांब रेणूंचे पदार्थ), समाजशास्त्र आणि इतिहास या विषयांचा एकमेकांशी काय संबंध, विद्यापीठानं त्यातलं एकच काहीतरी धरावं, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून खाली चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात या आणि एक कोल्हापुरी हातात घेऊन बघा. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन, निसर्गानंच केलेलं पॉलिमर. बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात ते मुरतं, त्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य कोलॅजनच्या तंतूंना घट्ट धरतं, म्हणून ते कुजत नाही. नवी चप्पल करकरते, चावते. तेल पाजून वापरली की पायाचा आकार घेते. (आजोबांची एक जोडी अजून आमच्या माळ्यावर आहे.)

पण हे कातडं कमावणाऱ्यांना गावाबाहेर कुणी ठेवलं? २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासांसाठी राखल्या, ते याच अन्यायाला दिलेलं उत्तर होतं. २०१९ ला कोल्हापुरी चपलेसाठी महाराष्ट्र-कर्नाटकातल्या ८ जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव तिथल्याच चपलेला लावता येतं. घरात बसून चपलेच्या कातडी वेण्या वळणाऱ्या बाईच्या हातात त्यातलं काय पडलं, हे प्रयोगशाळेत कळणार नाही. त्यासाठी सुभाषनगरात, कोल्हापुरातल्या चप्पल कारागिरांच्या वस्तीत जाऊन तिच्यासमोर बसावं लागेल, वही घेऊन.