शब्दचर्चा : तुर्की ‘गारिप’ आणि मराठी ‘गरीब’

प्रश्न

तुर्की लोककथा आणि तुर्कस्तानातून जर्मनीत गेलेल्या मजुरांच्या आयुष्यावरील काही गोष्टी मराठीत आणण्याचे काम मी हाती घेतले आहे. त्यांत ‘गारिप’ हा शब्द वारंवार येतो आणि तो आपल्या ‘गरीब’ या शब्दाचा भाऊबंद असल्याचे कोशात दिसते. मात्र एका वाक्यात तो गावात आलेल्या परक्या माणसाला लावला आहे, दुसऱ्यात पडक्या हमामातून रात्री येणाऱ्या आवाजाला, आणि तिसऱ्यात एक आई परदेशातील मुलाची आठवण काढताना ‘गारिबिम’ म्हणते. या तिन्ही ठिकाणी ‘गरीब’ लिहिता येईल काय? तसेच ‘गुर्बेतची’ या शब्दासाठी मराठीत काय योजावे?

पहिला प्रतिसाद

तिन्ही ठिकाणी ‘गरीब’ लिहिल्यास दोन ठिकाणी अर्थाचा अनर्थ होईल. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘परका, आपल्या माणसांपासून दूर पडलेला’ असा आहे. सूर्य मावळण्याची वेळ दाखवणारा ‘मगरिब’ हा शब्दही त्याच धातूचा. परक्या मुलखात माणसाला ना घर, ना नातलग, म्हणून तो निर्धन, हा अर्थाचा पुढचा टप्पा झाला, आणि आपल्याकडे तोच मुख्य ठरला. मराठीने त्यावर आणखी एक थर चढवला : ‘मुलगी स्वभावाने गरीब आहे’ या वाक्यात पैशांचा संबंधच नसतो. तुर्कीत मात्र ‘परका’ आणि ‘चमत्कारिक’ हे अर्थ जिवंत राहिले. हिंदी-उर्दूतील ‘अजीबोगरीब’मध्ये दिसतो तो हाच अर्थ. निव्वळ कंगाल माणसासाठी तुर्कीत ‘फाकिर’ आहे, आणि दीनवाण्या माणसासाठी ‘गारिबान’.

त्यामुळे हमामातील आवाज ‘चमत्कारिक’, गावात आलेला माणूस ‘परका’ किंवा ‘परमुलखातला’, आणि आईच्या तोंडी ‘माझं बापडं’ असे मी लिहीन. एकच मूळ शब्द तीन प्रकारे आणल्याने त्यांच्यातील दुवा तुटतो, ही हानी खरी आहे. पण ती भरून काढण्यासाठी मराठी वाक्य वाकवू नये.

हा दुवा किती खोल आहे, ते आशिक गारिप या शाहिराच्या लोककथेत दिसते. अनातोलिया, अझरबैजान आणि कॉकेशस या टापूत ती अनेक पाठांनी सांगितली जाते, आणि रशियन कवी लेर्मोन्तोव्हने 1837 मध्ये तिचा एक पाठ रशियनमध्ये लिहून घेतला. प्रेयसी शाहसेनेमशी लग्न करण्यासाठी लागणारे धन मिळवायला हा शाहीर सात वर्षांच्या बोलीवर परमुलखात जातो आणि हलबला, म्हणजे अलेप्पोला, पोहोचतो. मुदत संपत आली, तिकडे तिचे दुसऱ्याशी लग्न ठरले, आणि वाट तर महिन्यांची. अशा वेळी हिझिर हा अमर पुरुष त्याला आपल्या घोड्यावर घेऊन क्षणात पोहोचवतो आणि त्याच घोड्याच्या टापेखालची माती लावल्यावर रडून आंधळ्या झालेल्या आईला दृष्टी येते. ऐन वेळी मदतीला येणाऱ्याला तुर्कीत ‘हिझिरसारखा पोहोचला’ असे आजही म्हणतात. आपण ‘देवासारखा धावून आला’ म्हणतो. या कथेत गूढ, अद्भुत आणि स्थलांतर वेगळे काढताच येत नाहीत, कारण नायकाच्या नावातच तिन्हींचा अर्थ आहे. ते नाव अर्थातच ‘गारिप’ असेच ठेवावे.

दुसरा प्रतिसाद

‘गुर्बेत’ म्हणजे परमुलूख आणि तिथले एकाकीपण. तोही याच धातूचा. त्यापुढचा ‘ची’ हा तुर्की प्रत्यय आपल्याला परका नाही, कारण ‘मशालची’, ‘तोपची’, ‘तबलची’ या शब्दांत तो फारसीमार्गे आपल्याकडे आलेला आहे. तरीही मी ‘चाकरमानी’ हा शब्द सुचवीन. 30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात मजूरभरतीचा करार झाला आणि 1973 मध्ये भरती थांबली. दरम्यान गेलेली माणसे उन्हाळ्याच्या सुटीत मोटारी भरून ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया ओलांडत तुर्कस्तानच्या सीमेवरील कापिकुलेच्या नाक्यावरून गावी येत. गणपतीला कोकणात येणाऱ्या चाकरमान्यांची गर्दी पाहिलेल्या वाचकाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. ज्या गावाकडे ते परतत, त्याला ‘सिला’ म्हणतात. हा शब्द ‘भेट, मीलन’ या अर्थाच्या अरबी धातूपासून आला असून आपला ‘वसूल’ त्याच कुळातला आहे, ही गंमत जाता जाता नोंदवतो.

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

‘चाकरमानी’ जवळचा वाटतो, पण तो कथेची धार बोथट करील. चाकरमान्याला मुंबईत आपली भाषा मिळते आणि गावी गेल्यावर मान मिळतो. गुर्बेतचीला जर्मनीत ‘पाहुणा कामगार’ म्हटले जाई, आणि स्वतःच्या गावी त्याला ‘आल्मान्जी’, म्हणजे ‘जर्मनीवाला’, असे काहीसे हिणवून म्हणत. दोन्हीकडे तो गारिपच. म्हणून ‘गुर्बेतची’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच त्याचा उलगडा करावा. 1923 च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या अदलाबदलीत हलवलेल्या माणसांसाठी मात्र तो वापरू नये. त्यांना तुर्कीत ‘मुबादिल’ म्हणतात. ती माणसे पोटासाठी गेली नव्हती, करारानुसार धर्म पाहून त्यांना हलवले गेले, आणि त्यांना परतीची वाट नव्हती.

तिसरा प्रतिसाद

एक पुरवणी. ‘गायब’ हाही ‘गरीब’च्याच धातूचा, असे अनेकांना वाटते. पण तो वेगळा आहे. तुर्कीत त्याचीच ‘गाइप’ म्हणजे अदृष्ट आणि ‘कायिप’ म्हणजे हरवलेला, अशी दोन रूपे झाली आहेत.

याहून महत्त्वाचा आहे तो ‘मिश’ हा क्रियापदाचा प्रत्यय. बोलणाऱ्याने गोष्ट स्वतः पाहिलेली नसून ती ऐकीव किंवा मागाहून कळलेली आहे, हे तो दाखवतो, आणि तुर्की परीकथा त्यातच सांगितली जाते. ‘बिर वारमिश, बिर योकमुश’ ही ठरलेली सुरुवात भाषांतरकार ‘एकदा होते, एकदा नव्हते’ अशी आणतात, पण त्यात तो प्रत्यय हरवतो. मराठीत त्यासाठी ‘म्हणे’ तयारच आहे : ‘होतं म्हणे, नव्हतं म्हणे.’ जुना तुर्की सूफी कवी यूनुस एम्रे याच्या एका प्रसिद्ध पदात ‘कुणी एक गारिप मेला म्हणे’ असे लोक बोलतील आणि तेही त्यांना तीन दिवसांनी कळेल, अशा अर्थाच्या ओळी आहेत. तिथल्या क्रियापदातही हाच प्रत्यय आहे. परक्याचे मरणसुद्धा ऐकीव, हे त्यातून कळते. ‘म्हणे’ गाळून नुसते ‘एक गरीब मेला’ असे लिहिले, तर ती दारिद्र्याची बातमी होईल. मात्र प्रत्येक वाक्यात ‘म्हणे’ घातल्यास मराठी कानाला उपहासाचा वास येतो, म्हणून ते आरंभी आणि अद्भुत प्रसंगाच्या तोंडाशी घालावे, आणि पुढे साध्या भूतकाळात सांगावे.