शेगडीसाठी बाभूळ घ्यावी की पाइनच्या फळ्या?

प्रश्न (धुळे तालुका):
हिवाळ्यात आमच्याकडे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, म्हणून मळ्यातल्या घरात वडिलांसाठी धुराड्याची लोखंडी शेगडी बसवली आहे. वखारीत बाभूळ वजनावर मिळते. मोडलेल्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या मात्र निम्म्या भावात मिळतात. पाइन भराभर पेटते, पण मध्यरात्री नुसती राख उरते. शिवाय तिच्या राळेने धुराडे तुंबते, असे शेजारचे आप्पा सांगतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (यावल):
भाऊ, पूर्ण वाळलेले लाकूड कोणतेही असो, किलोमागे साधारण 4,500 किलोकॅलरी उष्णता देते. राळेमुळे पाइन किंचित पुढेच असते. फरक घनतेचा आहे. शेगडीत एका वेळी मावणाऱ्या बाभळीचे वजन पाइनच्या जवळजवळ दीडपट भरते आणि तिचे निखारेही टिकतात. म्हणून वजनावर घेतलेले पाइन खरोखर स्वस्त पडते, गाडीच्या अंदाजाने घेतलेले तितके नाही.

धुराड्याचा दोष राळेपेक्षा ओलीचा आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडात बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचे असते. त्याची वाफ करण्यात उष्णता खर्च होते, धूर थंड पडतो आणि त्यातले डांबर धुराड्याला आतून चिकटते. झडप बंद करून रात्रभर धुमसत ठेवलेली ओली बाभूळही हेच करील. फोडलेल्या ढलप्यांच्या टोकांना भेगा पडलेल्या असाव्यात, दोन ढलप्या आपटल्यावर टणक आवाज यावा. ‘थप’ झाले तर त्यांना आणखी एक उन्हाळा द्यावा.

उत्तर (शिरपूर):
वनस्पतिशास्त्रात रुंद पानांच्या सगळ्या झाडांचे लाकूड ‘कठीण’ गणले जाते, त्यामुळे कागदासारखा जळणारा पांगाराही त्यात बसतो. नावावर जाऊ नका, हातात वजन करून पाहा. (अंजन सर्वांत जड, पण ते फोडताना आमच्या कुऱ्हाडीची धार दोनदा गेली.) फळ्यांवरचा शिक्का मात्र जरूर वाचा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथाईल ब्रोमाईड हा विषारी वायू दिलेले. ‘एमबी’च्या, रंगवलेल्या आणि प्लायवूडच्या फळ्या घरात जाळू नयेत. वडील त्याच खोलीत झोपत असतील तर खिडकी बोटभर उघडी ठेवा, कारण कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

प्रश्नकर्ता:
दोघांचे आभार. काल पाइनवर जाळ धरून वर बाभळीचे तीन ओंडके ठेवले. पहाटे पाचला राखेखाली निखारे लाल होते. तीन फळ्यांवर ‘एमबी’ निघाले, त्या बाजूला काढल्या आहेत.