मेन्टेनन्सच्या डेटाचा पाथ: सोसायटी ग्रुप, मांजलपूर, वडोदरा

बी-२०५ (खजिनदार): ऑफिसच्या पीसीवर मेन्टेनन्सचा मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचा (डेटाबेसचा) प्रोग्रॅम नीट चालतो. तीच फाइल नव्या लॅपटॉपवर कॉपी केली, तर एरर ३०४४ येतो, पाथ (फाइलचा पत्ता) व्हॅलिड नाही म्हणून. फाइल तर तीच आहे.

सी-४०३: ताई, तीच फाइल आहे म्हणूनच असं होतंय. प्रोग्रॅमची फाइल वेगळी आणि डेटाची वेगळी. डेटाची टेबलं (तक्ते) प्रोग्रॅमला लिंक केली त्या दिवशी अ‍ॅक्सेसने डेटाचा पूर्ण पत्ता आत लिहून ठेवला, डी ड्राइव्हपासूनचा. लॅपटॉपवर तो लॅपटॉपचाच डी ड्राइव्ह शोधत बसतो. एक्स्टर्नल डेटा टॅबमधलं लिंक्ड टेबल मॅनेजर उघडा आणि प्रत्येक टेबलासमोर काय पत्ता दिसतो ते इथे टाका.

बी-२०५ (खजिनदार): काही टेबलांना डी:\हिशेब, काहींना झेड:\.

सी-४०३: म्हणजे लिंक दोन वेळा, दोन तऱ्हांनी झालीय. दोन्ही पत्ते काढावे लागतील. झेड हे अक्षर पीसीचं नसतं, ज्या लॉगिनने मॅप केलं (नेटवर्कवरच्या फोल्डरला ते अक्षर दिलं) त्या लॉगिनचं असतं. पावत्या टाकणारे मेहताजी दुसऱ्या लॉगिनने बसले की झेड नाही. प्रोग्रॅम 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडला, तर त्याच लॉगिनमध्येसुद्धा सहसा झेड दिसत नाही.

पत्ता पीसीच्या नावाने द्या: \\सोसायटीपीसी\हिशेब\डेटा.एसीसीडीबी. सुरुवातीला दोन उलट्या तिरक्या रेघा, मग पीसीचं नाव, मग शेअरचं (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरचं) नाव. इथे मी देवनागरीत लिहिलंय, प्रत्यक्षात सगळं इंग्रजी अक्षरांत आणि स्पेस न देता लिहा. पीसीचं नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा. फोल्डरला गुजराती किंवा मराठी नाव देऊ नका, अ‍ॅक्सेसच्या कोडच्या खिडकीत त्याची प्रश्नचिन्हं होतात.

लिंक बदलताना 'धिस पीसी'मधून झेडवर क्लिक करत गेलात, तर पुन्हा झेडच लिहिला जाईल. फाइल निवडायच्या खिडकीत नावाच्या रकान्यात हा पूर्ण पत्ता हाताने टाइप करा.

डी-१०४: नावाऐवजी आयपी नंबर (नेटवर्कवरचा पीसीचा नंबर) टाकला तर?

सी-४०३: राउटर रीस्टार्ट झाला की तो बदलू शकतो. टाकायचाच असेल तर आधी राउटरमध्ये त्या पीसीसाठी नंबर राखून ठेवा. नावच बरं.

ए-१०२ (सेक्रेटरी): मेहताजींच्या पीसीवर उघडतंय, पण वर 'रीड-ओन्ली' येतं आणि पावती सेव्ह होत नाही. त्यांना डेटाच्या फाइलवर पूर्ण हक्क दिलेले आहेत.

डी-१०४: काकू, हक्क फाइलवर आहेत, फोल्डरवर नाहीत. डेटा कुणी उघडला की अ‍ॅक्सेस त्याच फोल्डरमध्ये .एलएसीसीडीबी नावाची लॉक फाइल तयार करतं आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसतं. फोल्डरमध्ये नवी फाइल बनवायची आणि पुसायची परवानगी नसेल, तर लॉक बनत नाही आणि डेटा फक्त वाचायला मिळतो.

फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. दोन टॅब बघायचे. शेअरिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स, तिथे 'चेंज'. सिक्युरिटीमध्ये 'मॉडिफाय'. दोन्ही लागतात. दोघांपैकी जी परवानगी कमी असते तीच चालते, त्यामुळे एका टॅबमध्ये सगळं देऊन दुसरा विसरलात तर उपयोग नाही.

'एव्हरीवन'ला देऊ नका, सभासदांचे फोन नंबर आहेत त्यात. ऑफिसच्या पीसीवर हिशेबासाठी एक वेगळा यूजर बनवा, पासवर्डसकट, आणि बाकीच्या पीसींवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड जपून ठेवतं तिथे) तो एकदा सेव्ह करा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत पासवर्डशिवायचं गेस्ट शेअरिंग मुळातच बंद असतं. ताईंचा लॅपटॉप नवा आहे, तिथे हा यूजर लागेलच.

ए-३०१: एवढं करण्यापेक्षा फाइल सरळ क्लाउडच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवूया ना. सगळ्यांना घरी मिळेल.

सी-४०३: नको काका, कृपया नको. सिंक फोल्डर म्हणजे प्रत्येक पीसीवर वेगळी प्रत. एका पीसीवरचं लॉक दुसऱ्याला अडवत नाही. दोघांनी एकाच वेळी पावत्या टाकल्या, तर एकाच्या पावत्या दुसऱ्याच्या प्रतीने पुसल्या जातात किंवा 'कॉन्फ्लिक्ट' नावाची दुसरी फाइल बनते. मग कुठली पावती खरी ते हाताने जुळवत बसायचं. बॅकअपची प्रत क्लाउडवर जरूर ठेवा, चालू डेटा नाही.

ताई, तुम्ही घरून वाय-फायवर काम करणार असाल तर तेही टाळा. लिहिणं चालू असताना सिग्नल तुटला की डेटा फाइल बिघडू शकते, आणि अ‍ॅक्सेसचं बरंच नुकसान असंच होतं. ऑफिसच्या पीसीवर विंडोज प्रो असेल तर रिमोट डेस्कटॉपने तिथेच बसल्यासारखं काम करा. फक्त त्या वेळी तिथे दुसऱ्याला बसता येत नाही. ऑफिसमधल्या दोन्ही पीसींना लॅनची वायर हवी. आणि ज्या पीसीवर डेटा आहे त्याचा 'स्लीप' बंद करा, तो झोपला की सगळ्यांचा पाथ गेला.

ए-१०२ (सेक्रेटरी): थकबाकीचा रिपोर्ट दुसऱ्या प्रोग्रॅममधून निघतो, क्रिस्टल रिपोर्टचा (रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर). तिथे नवा पाथ दिला, तर वरची नावं नवीन येतात आणि खालचं व्याज मार्चचंच येतं.

डी-१०४: व्याज सबरिपोर्टमध्ये (मुख्य रिपोर्टच्या आतल्या छोट्या रिपोर्टमध्ये) असणार. 'सेट डेटासोर्स लोकेशन' मुख्य रिपोर्टला दिलं म्हणजे सबरिपोर्टला मिळालं असं नाही. त्याच खिडकीत खाली सबरिपोर्ट वेगळा दिसतो, त्यातली टेबलं स्वतंत्र बदलायची. तो अजून जुन्या कॉपीतून वाचतोय. ती कॉपी डी ड्राइव्हवर आहे म्हणून एररही येत नाही. हे एररपेक्षा वाईट, कारण चुकीचं बिल छापून वाटलं जातं. पाथ बदलला की जुन्या फाइलचं नाव लगेच बदला. जो अजून तिथे बघत असेल तो थांबेल आणि सापडेल.

'लोड रिपोर्ट फेल्ड' आलं तर .आरपीटी (रिपोर्टची) फाइल दिलेल्या जागी नाही असं बहुधा असतं. त्या प्रोग्रॅमची कॉन्फिग फाइल (जिच्यात पाथ लिहिलेला असतो ती) जेसन प्रकारची असेल, तर प्रत्येक उलटी रेघ दोनदा लिहावी लागते, म्हणजे सुरुवातीला चार. एक्सएमएल असेल तर जशी आहे तशीच.

सी-४०३: आणि तो प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये असेल तर त्याचा डेटा तिथे ठेवू नका. जुने प्रोग्रॅम तिथे लिहायला गेले की विंडोज गुपचूप त्या यूजरच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरमध्ये लिहितं. एकाच पीसीवर दोन लॉगिनना दोन वेगळे हिशेब दिसतात आणि कुणालाच एरर येत नाही.

ए-३०१: गुजराती बिलाचा मजकूर नव्या लॅपटॉपवर दुसऱ्या पानावर सरकतो. तोही पाथच का?

डी-१०४: नाही काका, तो फॉन्ट. रिपोर्ट 'श्रुती'त केलाय आणि विंडोज १०पासून श्रुती आपोआप येत नाही. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समधून 'गुजराती सप्लिमेंटल फॉन्ट्स' घ्या.

ए-१०२ (सेक्रेटरी): एक विचारते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं होतं. डेटाचा पीसी तळमजल्यावर ठेवायचा का?

सी-४०३: वरच्या मजल्यावर, मीटिंगच्या खोलीत हलवा. पीसीचं नाव आणि शेअरचं नाव तेच राहिलं तर कुणाचाच पाथ बदलत नाही. नावाने पत्ता देण्याचा हाच मोठा फायदा. बॅकअप घेताना आधी सगळे बाहेर, लॉक फाइल गेलेली दिसली की मग कॉपी. कॉपी त्याच फोल्डरमध्ये ठेवू नका, पुढे कुणीतरी लिंक तिलाच लावतं.

बी-२०५ (खजिनदार): लिंक बदलल्या. सगळ्या टेबलांसमोर आता एकच पत्ता आहे.

सी-४०३: छान. आता लॅपटॉपवर एक रुपयाची पावती टाका. मेहताजींना त्यांच्या पीसीवर ती शोधायला सांगा, मग थकबाकीच्या रिपोर्टमध्ये बघा. तिन्हीकडे दिसली की पुसून टाका.