वॅट आणि अंश यांची गल्लत

इंटेलचा कोअर आय९-१४९००के आणि एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी या संगणक-प्रोसेसरांच्या खोक्यांवर अनुक्रमे १२५ आणि १२० वॅट लिहिलेले असल्यामुळे दोन्ही सारखेच तापणार, असा निष्कर्ष काढला जातो; तो मला पटत नाही. इंटेलचा १२५ वॅट हा आकडा मूळ वेगापुरता असून टर्बोसाठी, म्हणजे गरजेपुरत्या वाढीव वेगासाठी, कंपनीनेच २५३ वॅटची मुभा दिली आहे. उलट ७८००एक्स३डी गेम चालवताना १२० वॅटच्या जवळपासही सहसा जात नाही, कारण त्याची खरी मदार वेगावर नसून ९६ एमबी एल३ कॅशवर (प्रोसेसरच्या आतल्या जलद स्मृतीवर) आहे. रेंडरिंग (त्रिमितीय दृश्ये किंवा व्हिडिओ तयार करणे) हेच रोजचे काम असेल, तर मात्र १४९००केचे २४ कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे गाभे, निर्विवाद सरस ठरतात.

रायझन ९ ७९५०एक्स ९५ अंश सेल्सिअसवर पोहोचला म्हणजे कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारे उपकरण) कुचकामी, हेही बरोबर नाही. पूर्ण भाराखाली तिथवर जाण्यासाठीच तो घडवला आहे. खोली तापते ती वॅटने, अंशाने नव्हे. शेवटच्या काही मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज चढवावे लागते आणि वीजवापर साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) वीजमर्यादा कमी करणारा इको मोड निवडला की वेग थोडाच घटतो, पण पंख्याचा घोंघाट लगेच खाली येतो. ही सोय लोक वापरत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

किमतीची तुलना करताना कूलर आणि मदरबोर्डही हिशेबात धरावेत. रायझन ५ ७६०० सोबत कूलर येतो, आणि मदरबोर्डवरच्या त्याच एएम५ सॉकेटवर (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेवर) पुढे रायझन ९००० मालिकेतला प्रोसेसरही बसतो.